डूलाच्या घरभेटीत काय शिकवावे

प्रसूतीत सोबत करणारी डूला कळा सुरू झाल्यावरच कामाला लागते, असा अनेक कुटुंबांचा समज असतो. प्रत्यक्षात आमच्या कामाचा मोठा भाग त्याआधीच, सातव्या-आठव्या महिन्यातल्या दोन-तीन घरभेटींत उरकलेला असावा लागतो. प्रसूतीच्या वेळी अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझरचे प्रमाणही घटते, असे अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात दिसून आले. त्यात १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांचा विचार झाला होता. परंतु हा पुरावा प्रत्यक्ष सोबतीचा आहे, आणि आपल्याकडच्या अनेक प्रसूतिगृहांत लेबर रूममध्ये डूलाला काय, नवऱ्यालाही जाऊ देत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी स्त्रीसोबत तिचे माणूस असावे असे म्हटले असले, तरी दार उघडायचे की नाही हे अखेर त्या त्या ठिकाणचे लोक ठरवतात. म्हणून भेटींत जे तिच्या अंगवळणी पडेल तेवढेच तिच्याबरोबर हमखास आत जाईल, असे धरूनच मी शिकवते.

पहिल्या भेटीत मी फारसे शिकवत नाही. बाळंतपणाबद्दल आजवर काय काय कानावर आले आहे, एवढेच विचारते आणि घरातल्या सगळ्यांना बोलू देते. मावसबहिणीला दोन दिवस कळा आल्या, जावेला शेवटच्या क्षणी सिझर सांगितले, बाळाच्या मानेभोवती नाळ असली की ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसते, असे बरेच काही बाहेर येते. नाळ मानेभोवती असणे ही पुष्कळ बाळांच्या बाबतीत आढळणारी गोष्ट आहे आणि केवळ तेवढ्यावरून सिझर ठरत नाही, हे मी तेव्हाच सांगते. पण तिच्या सोनोग्राफीचा अर्थ तिच्या डॉक्टरांनाच विचारायचा, हेही त्याच दमात सांगते. भीती कशाची आहे हे कळल्याशिवाय ठरावीक पाठ सुरू करणे मला योग्य वाटत नाही.

दुसऱ्या भेटीत मी एक फुगा आणि टेबल टेनिसचा चेंडू घेऊन जाते. फुगा म्हणजे गर्भपिशवी, त्याची मान म्हणजे पिशवीचे तोंड आणि चेंडू म्हणजे बाळ. चेंडू फुग्यात घालून फुगा फुगवला, की चेंडू तोंडाशी येऊन बसतो आणि हवा अडते. फुग्याच्या बाजू दाबल्या तर काहीच होत नाही. या झाल्या अधूनमधून पोट कडक होण्याच्या खोट्या कळा. मग वरून लयीत दाब देत राहायचे. बराच वेळ चेंडू जागचा हलत नाही, मात्र फुग्याची लांब मान आखडत जाते, पातळ होते आणि त्यानंतर कुठे तोंड उघडू लागते. हे तिने स्वतःच्या हातांनी करून पाहिले, की पुढे तपासणीनंतर ‘अजून दोनच बोटे उघडली आहेत’ असे कोणी म्हटले तरी आपल्या कळा वाया गेल्या असे तिला वाटत नाही. पिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो आणि त्यानंतरही तासाला एक सेंटिमीटर हा वेग सर्वांना लागू करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही माहिती नवऱ्याला आणि आईला असणे अधिक गरजेचे आहे, कारण बाहेर बसून धीर सोडणारी माणसे तीच असतात.

कमरेवर दोन्ही बाजूंनी तळहातांचा दाब कसा द्यायचा, हे नवऱ्याला तिथेच करायला लावते. किती जोर हवा ते तिने सांगायचे. श्वासाचे सांगायचे तर बाहेर सोडताना तो लांबवायचा, एवढे पुरे.

सर्वांत जास्त वेळ मी प्रश्न विचारण्याच्या सरावाला देते. ओपीडीत पाच मिनिटे मिळतात, सासूबाई शेजारी असतात, मॅडम घाईत असतात, आणि मनातला प्रश्न मनातच राहतो. म्हणून ‘मॅडम, कळांचे इंजेक्शन आत्ताच द्यावे लागेल का, की थोडे थांबता येईल? थांबलो तर धोका काय?’ ही वाक्ये तिने मोठ्याने म्हणून पाहायची, अगदी अवघडल्यासारखे वाटले तरी. लेबर रूममध्ये कोणाला येऊ देतात, हेही आधीच विचारून ठेवायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. तेव्हा सिझरचा विषय टाळून दिलेले शिक्षण मला अपुरे वाटते. सिझर झाले तरी बाळाला छातीशी लवकर कधी देतील आणि पहिला चीक कसा पाजता येईल, हे मी आवर्जून समजावते.

पहिलटकरीण डोहाळजेवणानंतर माहेरी जाते, डॉक्टर बदलतात, आणि माझ्या भेटी अर्ध्यावर राहण्याची शक्यता असते. त्यामुळे तारखा डोहाळजेवणाच्या आधी ठरवाव्यात आणि निदान एका भेटीत तिच्या आईला व्हिडिओ कॉलवर घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

निघण्यापूर्वी तिच्या फाइलला एक कागद टाचते. गर्भारपण निर्धोक असेल आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर दर पाच मिनिटांनी, सुमारे मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्यावर निघायचे. मात्र अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, विशेषतः ते हिरवट असले, बाळाची हालचाल मंदावली, तीव्र डोकेदुखी झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा मोजत बसायचे नाही. थेट दवाखाना गाठायचा. मला फोन वाटेतून केला तरी चालतो.