गाडी सुकवणे, नोंद तिसरी: ब्लोअर की टॉवेल

मागच्या दोन वॉशमध्ये शॅमॉय (पाणी टिपायचं मऊ चामडं) आणि रबरी वायपर बाद झाले. वायपरच्या पात्याखाली रेतीचा एक कण सापडला की बॉनेटभर रेघ ओढली जाते. शॅमॉयला लव नसते, त्यामुळे कण आत जायला जागाच नाही. तो रंगावरच घासत राहतो. उरले ब्लोअर आणि ट्विस्टेड लूपचा (पिळदार धाग्यांच्या फासांचा) मायक्रोफायबर टॉवेल.

पण या वेळी खरा फरक पडला तो दोघांच्याही आधी. शेवटच्या पाण्याला नोझल काढलं, पाइपचं तोंड टपाला जवळजवळ टेकवलं आणि धार मंद ठेवली. पाणी चादरीसारखं एकसंध घसरतं आणि रंगावरचे थेंब सोबत घेऊन जातं. टप, काचा, बॉनेट, मग बाजू. फवारा मारला तर उलट बारीक थेंबच थेंब मागे राहतात.

ब्लोअर फक्त सांदीकोपऱ्यांत: आरशांच्या पोटात, हँडलमागे, जाळीत, टाकीच्या झाकणात, व्हील नटांच्या खळग्यांत. ओघळ नंतर इथूनच उतरतात. आरसा दुमडून पुन्हा एकदा झोत द्यायचा. जमीन आधी भिजवा, नाहीतर उडालेली धूळ ओल्या रंगावर बसते.

टॉवेल 70 × 90 सेंमी, 1200 जीएसएम (चौरस मीटरला 1200 ग्रॅम). अंथरायचा, दोन कोपरे धरून अलगद ओढायचा, दाबायचा नाही. अडखळला तर पॅनलवर क्विक डिटेलरचे (रंग निसरडा करणाऱ्या स्प्रेचे) दोन फवारे. भिजल्यावर हे धूड चांगलंच जड होतं आणि दारांवर हातातून निसटतं, म्हणून उभ्या भागाला 40 × 40 चा वेगळा. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय परत लावू नये. धुताना फॅब्रिक कंडिशनर मात्र नको. धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी पिण्याऐवजी नुसता पसरवतो.

बॉनेट गरम असेल तर यातलं काहीच पुरत नाही. पुसायच्या आत पाणी उडतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची पांढरी कडी राहते. ताज्या डागावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवायचं. तरीही कडी दिसत राहिली तर क्षारांनी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्लाय; तिथे पॉलिशच लागतं.

पुढच्या वॉशला डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) शून्य आलं तर न पुसता सोडून पाहायचं.