दोन बोटं

गाडी टो ट्रकवरून खाली उतरवली आणि मी काय केलं असेल तर आधी आत वाकून हातानेच ब्रेकचं पेडल दाबलं. दगडासारखं कडक. म्हणजे ब्रेक एकदम ओके. आणि तासाभरापूर्वी हेच पेडल एका उतारावर निम्मं खाली गेलं होतं, असं चालवणारा माणूस सांगत होता.

आधी थोडं मागचं सांगतो. मी कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये एका गॅरेजला जुन्या गाड्या उभ्या करायचं काम करतो. आमचं एक गिऱ्हाईक, रिटायर्ड डेंटिस्ट, वय चौसष्ट, त्यांनी ठरवलं की आपली 1953 ची स्टुडबेकर गाडी घेऊन मेक्सिकोत कारेरा पानामेरिकाना पळवायची, आणि शेजारी नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे पुढची वळणं वाचून सांगायला, बसणार त्यांचीच मुलगी. सर्व्हिस क्रूमध्ये मी, आमचा बॉस, आणि पुएब्लाचा एक मेकॅनिक जो मला पहिल्या दिवसापासून 'इंहे' म्हणायचा. तिकडे इंजिनिअरला लाडाने तसंच म्हणतात, डिप्लोमावाल्यालासुद्धा. त्याचा दुसरा आवडता शब्द 'आओरीता', म्हणजे आपलं 'आलोच पाच मिनिटांत', वेळ कुठलीही असू शकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही रेस मुळात 1950 ते 1954 अशी पाचच वर्षं झाली, मेक्सिकोच्या नव्या कोऱ्या हायवेवर, या सीमेपासून त्या सीमेपर्यंत, आणि त्या पाच वर्षांत 27 माणसं गेली. 1955 ला युरोपात ल मांसच्या रेसमध्ये भयानक अपघात झाला, त्यानंतर हीसुद्धा बंदच केली. पुढे 1988 ला पुन्हा सुरू झाली ती क्लासिक गाड्यांची रॅली म्हणून, सात दिवस आणि अंदाजे 3000 किलोमीटर. आता घाटातले रेसचे तुकडे पोलीस बंद करून देतात, पण दोन तुकड्यांच्या मधला रस्ता उघडा असतो, तिथे तुम्ही, उसाचा ट्रक, गाढव, शाळा सुटलेली पोरं सगळे एकत्र. आणि टोपे! टोपे म्हणजे स्पीडब्रेकर. आपल्याकडच्या गावठी स्पीडब्रेकरला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, मेक्सिकोत गेल्यावर सगळ्या परत घेतल्या. ना पट्टा ना बोर्ड, झाडाच्या सावलीत आडवा पडलेला असतो.

तयारी आमची आठ महिने चालली होती. रोल केज म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा, पेट्रोलचा सेफ्टी सेल म्हणजे सहज न फुटणारी टाकी, दोन फायर एक्स्टिंग्विशर, सीट-बेल्टच्या तारखासुद्धा तपासतात, जुना बेल्ट दिसला की परत पाठवतात. ओरिजनल ड्रम ब्रेक काढून चारी चाकांना डिस्क. शेवरोलेचं व्ही-एट इंजिन. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारे बारीक भोकांचे तुकडे, आम्ही डब्यात चिठ्ठ्या लावून नेले होते, कारण मेक्सिको सिटी 2240 मीटरवर, तोलुका त्याहून वर, आणि अडीच हजार मीटरला हवा इतकी विरळ की इंजिनची पाव ताकद जाते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन ते काळा धूर काढतं. जेटचा सगळ्यांनाच घोर लागतो. पण तीच विरळ हवा ब्रेकही कमी थंड करते, हे कुणाच्या फारसं डोक्यात नसतं. माझ्या होतं हो, म्हणूनच तर जास्त लाज वाटते.

टेक्सासला मागच्या ब्रेकची पाइपलाइन मीच टाकलेली, चेसिसच्या कडेने, एका जागी सायलेन्सरच्या पाइपजवळून जात होती. मी मध्ये दोन बोटं घालून बघितली, बसली. चालेल म्हटलं.

रेसच्या दुसऱ्या दिवशी उघड्या रस्त्यावर एका गावात डॉक्टरांनी ऐंशीच्या स्पीडला टोपे घेतला, दिसलाच नाही. गाडी खालून दणकली. रात्री मी टॉर्च घेऊन खाली शिरलो, सायलेन्सरचा पाइप वर चेपलेला होता, फुटलाय का बघितलं, लीक नाही, झालं, बाहेर आलो. चेपला तो कुठल्या बाजूला चेपला आणि कशाजवळ गेला हे बघितलं नाही. रात्रीचा दीड वाजलेला, पाचला उठायचं होतं, ही सबब नाही पण होतं ते असं.

तिसऱ्या दिवशी मिल कुंब्रेस. नावाचा अर्थच हजार शिखरं, तोलुकाकडून मोरेलियाला जाणारा जुना रस्ता, पाइनच्या जंगलातून नुसती वळणं, आपला गगनबावड्याचा घाट घ्या आणि तो संपूच देऊ नका, असं काहीतरी. एका बाजूला डोंगर आणि गटार, दुसऱ्या बाजूला ढग. कठडा कुठे आहे कुठे नाही. आमची व्हॅन टोलच्या हायवेने आधीच मोरेलियाला पोचलेली. तिथे गावात कथीड्रलसमोर रेसच्या गाड्या येतात तेव्हा जत्रा असते अक्षरशः, पोरं वह्या घेऊन सह्या मागतात, मलासुद्धा मागितली, मी देवनागरीत केली.

गाड्या एकेक यायला लागल्या. आमच्या पुढची आली. आमच्या मागची आली. तिच्या मागची पण आली.

अशा वेळी डोक्यात नको ते सगळं येतं. 1952 ला मर्सिडीजच्या काचेतून गिधाड आत घुसलं, नॅव्हिगेटर क्लेंक रक्तबंबाळ झाला तरी तो आणि ड्रायव्हर क्लिंग रेस जिंकले, हे आम्ही आदल्या दिवशी हसत हसत बोललो होतो. 1953 ला इटालियन ड्रायव्हर बोनेट्टो लान्चिया गाडी चालवताना सिलाओ गावात अपघातात गेला, ते सिलाओ इथून फार लांब नाही. पुएब्लावाला मार्शलच्या वॉकीटॉकीला कान लावून उभा, आणि मी त्याला काय म्हणतायत काय म्हणतायत विचारतोय तर म्हणतो, आओरीता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शब्दाचा राग आला. वीस मिनिटांनी त्याने अंगठा वर केला. दोघं ठीक आहेत.

झालं असं की शेवटच्या मोठ्या उतारावर मागच्या चाकांच्या ब्रेक लाइनमधलं ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, मग पेडल खाली जातं पण चाकाला काही पोचत नाही. पुढचे ब्रेक आधीच तापून लाल, त्यांच्यावर सगळा लोड आला आणि तेही सुटायला लागले. पोरीने पुढचं वळण वाचलं, बापाने ब्रेक दाबला, मग म्हणे अगदी शांतपणे बोलला, "ब्रेक नाहीत, डोंगराकडे घालतोय." आणि घातली. डावी बाजू गटारात घासत घासत साठ-सत्तर मीटर जाऊन थांबली. त्याच्या पुढचं वळण मी नंतर फोटोत बघितलं, त्याबद्दल काही लिहीत नाही.

तर गाडी थंड झाली, वाफेचं परत ऑइल झालं, पेडल कडक. बॉस हॉटेलच्या पार्किंगमध्ये मला बाजूला घेऊन म्हणाला, काही नाही रे, म्हाताऱ्याने उशिरा ब्रेक मारला असणार, पाय घसरला असेल. आणि खरं सांगतो, एक मिनिटभर मला ते पटवून घ्यावंसं वाटलं. ब्रेक ऑइल बदलून, हवा काढून, गाडी देऊन टाकली असती, कुणाला कळलं नसतं.

खाली शिरलो. ब्रेकच्या पाइपवर वीतभर जागा तापून निळसर पडली होती. सायलेन्सर आणि पाइपच्या मध्ये बोट घालून बघितलं, नखसुद्धा जाईना.

बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं. ब्रेकचा पाइप मीच टाकला होता, सायलेन्सरचा काल चेपलेला मीच बघितला, आणि मीच सोडून दिला. ते काही बोलले नाहीत, गळ्यातला टॉवेल काढून घडी घालत बसले. मुलगी मात्र म्हणाली, दाखव. रेसच्या अंगरख्यातच पाठीवर झोपून गाडीखाली आली, मी टॉर्च धरला, तिने स्वतः बोट घालून बघितलं. "टेक्सासला किती होतं?" "दोन बोटं." ती काहीच न बोलता बाहेर निघाली.

रात्रभर मी आणि पुएब्लावाल्याने तो ब्रेकचा पाइप काढून दुसऱ्या बाजूने नेला, वर उष्णता अडवणारी हीट स्लीव्ह घातली, सायलेन्सर ठोकून खाली आणला, सगळं ऑइल नवीन. त्याने मध्येच कुठून तरी उचेपो आणले, कोवळ्या मक्याचे, कणसाच्या पानात उकडलेले, आपल्या पातोळ्यांची आठवण झाली. ग्रीसच्या हाताने खाल्ले.

त्या दिवसाचा टप्पा अर्धवट राहिला म्हणून वेळेची पेनल्टी लागली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायची परवानगी होती. सहा वाजता, अंधारच होता, मुलगी हेल्मेट बगलेत घेऊन आली, गुड मॉर्निंग नाही काही नाही, हेल्मेट बोनेटवर ठेवलं आणि सरळ गाडीखाली शिरली. मी टॉर्च घेऊन वाकलो. तिने पंजा आडवा करून मध्ये घातला, हलवून बघितला.

"चार," म्हणाली, आणि हात पुढे केला, मी तिला ओढून बाहेर काढलं.