मलबार पॉइंटची फट आणि आंग्र्यांचे ‘चाचेपण’

मलबार हिलच्या टोकाशी, राजभवनाच्या पायथ्याला, समुद्राने झिजवलेले काळे खडक आहेत. त्या खडकांत एक अरुंद फट असून तिच्यातून अंग चोरून पलीकडे निघणाऱ्याची पापे धुतली जातात आणि त्याला जणू नवा जन्म मिळतो, अशी जुनी श्रद्धा होती. या फटीला ‘श्रीगुंडी’ म्हणत. शांत समुद्रातही तिथवर पोहोचणे कठीण आणि उधाणात तर अशक्य, असे जुन्या वर्णनांत सांगितले आहे. खुद्द शिवाजी महाराज आणि नंतर कान्होजी आंग्रे हे दोघेही तिच्यातून जाऊन आले, अशी आख्यायिका गॅझेटियरमध्येही नोंदवलेली आहे. तिचा पुरावा मागण्यात मला रस नाही. ज्या बेटावरचे इंग्रज आंग्र्यांना ‘चाचा’ म्हणून शिव्या मोजत होते, त्याच बेटाच्या टोकाला तो मनुष्य गुपचूप येऊन पुण्य पदरात पाडून गेला, ही कल्पना लोकांना सुचावी आणि आवडावी, हेच मला अधिक बोलके वाटते.

मागच्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन राजभवन पाहायला गेलो. आधी नोंदणी करावी लागते आणि पहाटे उठावे लागते, त्यांपैकी दुसरी अट आम्हा दोघांनाही जड गेली. खडकांवर उतरू देत नाहीत. श्रीगुंडी देवीचे मंदिर मात्र आवारातच आहे आणि आषाढात कोळी मंडळी तिच्या दर्शनाला येतात. कठड्याशी उभे राहून ओहोटीच्या पाण्यात उघडे पडलेले खडक पाहिले, एवढ्यावरच समाधान मानले.

गुहेची हौस भागली ती भुयारात. राजभवनाच्या पोटात ब्रिटिशकालीन बंकर २०१६ साली सापडला आणि २०१९ पासून तिथे संग्रहालय आहे. एकूण तेरा खोल्या असून तोफगोळे, काडतुसे वगैरे कशाची कोठारे कुठे होती, ते त्यांच्या नावांवरूनच कळते. आत शिरताच खारी हवा एकदम थांबते आणि आपलाच आवाज भिंतींवरून परत येतो. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी ही सारी सिद्धता होती. गंमत अशी की या टेकडीला ‘मलबार’ हे नाव मिळाले, त्याची एक उपपत्तीसुद्धा समुद्राकडून येणाऱ्यांशीच जोडलेली आहे: मलबार किनाऱ्याचे चाचे इथे दबा धरून बसत, असे सांगतात.

“मामा, चाचे म्हणजे चोरच ना?” भाच्याने विचारले. त्याला समजावताना माझी जरा तारांबळ उडाली. आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे राजसत्तेचे अधिकारी. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा परवाना घ्यावा आणि न घेतल्यास जहाज जप्त व्हावे, असा त्यांचा कारभार होता. पोर्तुगीज असेच परवाने देत आले होते आणि इंग्रजही देत. एकाने दिला तर तो कायदा आणि दुसऱ्याने मागितला तर ती लूट, असा हा हिशोब होता. हे ऐकून तो म्हणाला, “म्हणजे टोल. आणि नाही भरला तर गाडी टो करून न्यायची.” मुंबईच्या मुलाला यापेक्षा चांगली उपमा सुचणार नाही.

१७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने अलिबागजवळच्या खांदेरी या आंग्र्यांच्या बेटकिल्ल्यावर स्वारी केली आणि हात हलवत परत आला. १७२९ साली कान्होजी वारले, तोवर इंग्रजांना त्यांचे आरमार मोडता आले नाही. ज्या किल्ल्यातून बूनचा कारभार चाले, त्या जागेवरचा नौदलाचा तळ आज ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने ओळखला जातो. फोर्टमधून जाताना ही पाटी दिसली की मी अजूनही मनातल्या मनात हसतो.

राजभवनातून निघून आम्ही वाळकेश्वराच्या देवळात गेलो. पोर्तुगीजांनी पाडलेले हे देऊळ १७१५ साली रामा कामत या धनाढ्य शेणव्याने पुन्हा बांधले. खांदेरीच्या त्याच मोहिमेत भंडारी शिपायांना घेऊन इंग्रजांच्या बाजूने गेलेला हा मनुष्य. मोहीम फसली, कोणाच्या तरी माथी खापर फुटायला हवे होते, असे मला वाटते. १७२० साली आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला भरला गेला, तो दोषी ठरला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. ज्या पत्रांवर खटला उभा राहिला ती बनावट होती, हे पुढे उघडकीस आले.

“मग सोडलं त्याला?” भाचा घंटेखाली थांबून विचारत होता.

“नाही रे. १७२८ मध्ये कैदेतच वारला.”

त्याने घंटा वाजवली नाही. आम्ही बाणगंगेच्या पायऱ्या उतरून खाली गेलो, तर तिथल्या बदकांची कलकल सुरू होती.