अंड्याच्या राज्यात अंडी महाग

आमची आई अंडं खात नाही, भुर्जीचा तवासुद्धा तिनं घराबाहेर पडवीत ठेवलेला, तरी गेल्या वर्षी मार्चमध्ये रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिचा पहिला प्रश्न अंड्याचाच. "काय रे, तो ट्रम्प म्हणत होता ना निवडून आलो की पहिल्या दिवसापासून स्वस्ताई, मग तुमच्याकडं अंडी एवढी महाग कशी? टीव्हीवर रिकामे रॅक दाखवत होते." मी म्हटलं आई, मोठी भानगड आहे ती, नंतर सांगतो. नंतर अर्थातच सांगितलं नाही. तर आता वर्षभरानं का होईना लिहून टाकतो, मामा वाचून दाखवेल तिला.

मी राहतो डे मॉइन्सला, आयोवा राज्यात. इन्शुरन्स कंपन्यांचं गाव, आमच्यासारखे बरेच आयटीवाले त्यांच्याच जिवावर. शिकागोहून गाडीनं पश्चिमेला साधारण पाच तास. गावाबाहेर पडलं की मका, सोयाबीन, परत मका, परत सोयाबीन, आणि मधेच लांबच्या लांब पांढऱ्या पत्र्याच्या शेड, खिडकी एक नाही, टोकाला नुसते मोठमोठे पंखे. आत डुकरं नाहीतर कोंबड्या. अंड्यांच्या बाबतीत हे राज्य वर्षानुवर्षं देशात पहिल्या नंबरवर. आणि त्याच राज्यात आमच्या नेहमीच्या दुकानात पाटी, 'एका गिऱ्हाइकाला दोनच डझन'. पाटी हातानं लिहिलेली, मार्करनं, 'दोन' खाली दोन रेघा. रॅकवर होते सहा की सात खोके, त्यातला एक उघडून बघितला तर एक अंडं फुटून खाली चिकटलेलं, एरवी तो खोका ठेवून दुसरा उचलला असता, त्या दिवशी तसाच कार्टमध्ये टाकला.

मार्च २०२५ मध्ये एका डझनाची देशातली सरासरी ६ डॉलर २३ सेंट झाली, हा रेकॉर्ड. म्हणजे एक अंडं आपल्या ४५ रुपयांच्या आसपास. दीड वर्षापूर्वी, ऑगस्ट २०२३ ला, हाच डझन दोन डॉलरच्या थोडा वर होता. वॉफल हाऊस म्हणून दक्षिणेकडं चोवीस तास चालणारी हॉटेलं आहेत, आपल्याकडच्या हायवेच्या ढाब्यासारखी, त्यांनी तर बिलात अंड्यामागे ५० सेंट जास्तीचे लावले. ऑम्लेटवर सरचार्ज! मेक्सिकोच्या बॉर्डरवर लोकांच्या गाड्यांत अंडी सापडायला लागली, तिकडं स्वस्त म्हणून.

आता हे झालं कशामुळं, तर बर्ड फ्लू. एच५एन१. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियाना राज्यातल्या एका टर्कीच्या फार्ममध्ये सापडला तेव्हापासून तो इथून हललेलाच नाही. जंगली बदकं आणि हंस तो घेऊन फिरतात. आयोवा बरोबर त्यांच्या वाटेत, वसंतात उत्तरेला जाताना आणि थंडीच्या तोंडाला परत येताना अख्खं आभाळ भरून थवे जातात, बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात, आणि पोल्ट्रीवाले मात्र त्या दिवसांत धास्तावलेले. एका शेडमध्ये एक कोंबडी पॉझिटिव्ह निघाली की त्या फार्मवरच्या सगळ्या मारायच्या, असा नियम. मे २०२४ मध्ये आमच्याच राज्यात, सू काऊंटीत, एका फार्मवरच्या ४२ लाख कोंबड्या मारल्या. एका फार्मवर. २०२५ च्या वसंतापर्यंत देशभरातला आकडा १६ कोटींच्या वर गेलेला, कोंबड्या, टर्की, बदकं सगळं धरून.

माझ्या टीममधला एकजण तिकडच्याच भागातला, शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं एकदा लंचला सांगितलं मारतात कसं ते, शेडचे पंखे बंद करायचे आणि आत हीट वाढवायची, नाहीतर गॅस सोडायचा. मग शेडमध्येच किंवा मागच्या बाजूला लाकडाच्या भुशात थर लावून त्याचं कंपोस्ट करायचं, आठवडेच्या आठवडे. त्याचं सांगून झालं, मी डबा बंद केला. आत अंडाकरीच होती.

मला हे ऐकताना सारखं नवापूर आठवत होतं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, फेब्रुवारी २००६. मी तेव्हा शाळेत, मामाची नवापूरजवळ तीन हजार पक्ष्यांची पोल्ट्री. पांढरे ड्रेस, तोंडाला मास्क, हातात पोती घेतलेली माणसं, जेसीबीनं काढलेले खड्डे, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, आणि गावात चिडीचूप, एक कोंबडा आरवायला शिल्लक नाही. पाहुणे यायचे बंद झाले होते, पोरींची लग्नं पुढं ढकलली होती. तालुक्यात लाखो पक्षी मारले, ट्रेवारी अंडी पुरली. मामाला भरपाई मिळाली, पण ती हातात पडेपर्यंत खाद्यवाल्याचं व्याज त्याच्यापेक्षा जास्त झालेलं. २०२१ मध्ये परत नवापूरलाच आला बर्ड फ्लू, तोपर्यंत मामानं धंदा सोडला होता.

भरपाई इथंही आहे, केंद्राचं कृषी खातं देतं, पण जिवंत असताना मारलेल्या पक्ष्यांचीच, रोगानं आधीच मेलेल्यांची नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यात डोकं आहे. शेतकऱ्यानं लपवत बसू नये, पहिली कोंबडी मेली की लगेच फोन करावा, जितका उशीर तितकं नुकसान त्याचंच. नवापूरला ही अक्कल कुणी वापरली असती तर, जाऊ दे.

तर आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की कोंबडीला निवडणूक कळत नाही. रिकामी शेड धुऊन, निर्जंतुक करून, तपासणी होऊन परत भरायलाच काही महिने जातात, आणि त्यात घातलेलं पिलू अंडं द्यायला लागेपर्यंत आणखी चार-साडेचार महिने. मांसाची कोंबडी सहा-सात आठवड्यांत कापायला तयार होते, म्हणून चिकन एवढं महागलं नाही, अंडी महागली. २०२५ च्या नुसत्या जानेवारी-फेब्रुवारीत अंड्याच्या ३ कोटींच्या वर कोंबड्या गेल्या. देशात मिळून साधारण ३० कोटी, म्हणजे दहातली एक गेली. मग भाव दहा टक्के वाढायला हवा ना? तसं होत नाही, कारण अंड्याला पर्याय नाही, बेकरीवाल्याला लागतातच, सकाळी नाश्त्याला लागतातच, माल थोडा कमी पडला की जो तो जास्त पैसे मोजून उचलतो. आपल्याकडं कांद्याचं होतं तसंच. कांद्यानं सरकार पडतं हे मी इथल्या लोकांना समजावून सांगायचो तेव्हा हसायचे, २०२४ च्या निवडणुकीनंतर कोणी हसलं नाही.

कारण निवडणुकीत अंडं म्हणजे बायडनच्या महागाईचा पुरावाच झालं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रम्पच्या जोडीचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स पेन्सिल्व्हेनियात एका किराणा दुकानात पोरांना घेऊन उभे राहिले आणि म्हणाले अंडी चार डॉलर डझन झाली, आणि मागच्याच रॅकवर किंमत दिसत होती २ डॉलर ९९. जिंकल्यावर मग व्हाइट हाऊस म्हणायला लागलं की बायडनच्या लोकांनी कोंबड्या मारल्या म्हणून महाग झाली. पण सगळ्या मारायचा नियम काही बायडननं आणलेला नाही, २०१५ ला ओबामांच्या काळात असाच फ्लू आला तेव्हाही ५ कोटी पक्षी गेले होते, त्यातले ३ कोटींच्या वर एकट्या आयोवाचे. इथले जुने लोक अजून वर्ष मोजताना 'पंधराच्या फ्लूच्या आधी' असं म्हणतात.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी १ अब्ज डॉलरचा प्लॅन काढला, त्यातले ५० कोटी फार्मच्या सुरक्षेला, ४० कोटी भरपाईला, १० कोटी लसीच्या वगैरे संशोधनाला. प्लॅन वाईट नव्हता, मी ट्रम्पचा भक्त नाही तरी म्हणतो. पण त्याच महिन्यात सरकारी नोकरकपातीच्या धडाक्यात त्याच कृषी खात्यानं बर्ड फ्लूवर काम करणाऱ्या काही लोकांनाच काढून टाकलं, मग लक्षात आलं, मग परत बोलवायची पळापळ. त्यात आरोग्यमंत्री केनेडी म्हणाले की फ्लू पसरू द्यावा, ज्या कोंबड्या वाचतील त्यांची पैदास करावी. शास्त्रज्ञांनी कपाळावर हात मारला, कारण व्हायरसला एवढं मोठं मैदान मोकळं दिलं की तो आणखी बदलणार. आणि रोलिन्सबाईंचा आणखी एक सल्ला, परसात कोंबड्या पाळा. आमच्या सोसायटीच्या नियमात कपडे बाहेर वाळत घालायला बंदी, कोंबड्या कुठं पाळता.

लस का टोचत नाहीत हे मला कळत नव्हतं. लस आहे, त्याच फेब्रुवारीत एका कंपनीच्या लसीला सशर्त परवानगीपण मिळाली. अडचण धंद्याची. अमेरिका कोंबडीचं मांस बाहेर देशांना प्रचंड विकते, आणि लस टोचलेल्या कळपात व्हायरस लपून राहू शकतो म्हणून घेणारे देश माल नाकारतात. अंडीवाल्यांना लस हवी, मांसवाले नको म्हणतात, आणि मांसवाले मोठे. गंमत म्हणजे २०२३ मध्ये फ्रान्सनं बदकांना लस द्यायला सुरुवात केली तेव्हा तिकडच्या मालावर निर्बंध घातले ते अमेरिकेनंच.

कोंबड्यांपुरतं असतं तरी ठीक. मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्सासच्या गायींमध्ये हा व्हायरस निघाला, दूध घट्ट पिवळं यायला लागलं, त्यावरून कळलं. गायींपासून लागण झालेला पहिला माणूस सापडला तो गोठ्यावर काम करणारा, लक्षण काय तर डोळे लाल. जून २०२४ ला आयोवाच्या गायीपण आल्या. पाश्चराइज केलेल्या दुधात तो मरतो, म्हणून घाबरायचं कारण नाही, आई, पण इथं कच्चं दूध पिण्याची फॅशन असलेले लोक आहेत, त्यांना कोण सांगणार. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात एक माणूस गेला, या देशातला एच५एन१ चा पहिला मृत्यू.

आता पैशाचं. भाव ठरवतो कोण? आपल्याकडं पुण्याच्या एन.ई.सी.सी.चा, म्हणजे अंडी उत्पादकांच्या समितीचा, रोजचा भाव पेपरात येतो, मामा सकाळी चहाआधी तो बघायचा. इथंही तसंच, एक खासगी कंपनी बाजारात फोन फिरवून आकडा काढते आणि दुकानदारांचे करार त्या आकड्याला बांधलेले असतात. त्यामुळं ज्याच्या फार्मवर एक कोंबडी मेली नाही त्यालाही चढलेला भाव मिळतो. कॅल-मेन ही इथली सगळ्यात मोठी अंडी कंपनी, मिसिसिपीची, तिचा मार्च २०२५ ला संपलेल्या तिमाहीचा नफा ५० कोटी डॉलरच्या वर, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत १५ कोटींच्या आत. न्याय खात्यानं मार्चमध्ये चौकशी सुरू केली. नुसता जास्त नफा म्हणजे चोरी नाही, हे मी पण मानतो. पण २००४ ते २००८ मध्ये काही बड्या अंडीवाल्यांनी मिळून मुद्दाम माल कमी ठेवला असा निकाल इलिनॉयच्या ज्युरीनं २०२३ मध्ये दिला होता, त्यात याच कंपनीचं नाव होतं, तेव्हा लोकांनी संशय घेतला तर काय चुकलं.

आणि मग भाव उतरला. घाऊक भाव फेब्रुवारीच्या शेवटी आठ डॉलरवर होता तो महिन्याभरात तीनच्या आसपास आला. फ्लू थोडा थांबला, लोकांनी अंडी कमी घेतली, तुर्कस्तान आणि ब्राझीलहून माल आला. ट्रम्प म्हणाले बघा, मी उतरवला, आणि त्याच मार्चचा दुकानातला सरकारी आकडा रेकॉर्ड, कारण दुकानात उतरायला काही आठवडे लागतात (चढायला मात्र एक रात्र). डिसेंबरपर्यंत डझन २ डॉलर ७१. मधला ऑक्टोबरचा आकडाच नाही, कारण सरकार ४३ दिवस बंद होतं आणि भाव लिहून घ्यायला माणूसच दुकानात गेला नाही. पुढं कधी कोणी तक्ता काढला तर त्यात एक घर कोरं दिसेल.

हे सगळं मी गेल्या रविवारी मामाला सांगितलं, आई मागं भाजी निवडत ऐकत होती. मामाचं लक्ष ट्रम्पकडं नव्हतंच. त्याच्या शेडमध्ये आता भाड्यानं कोणाचा तरी कांदा असतो. तो म्हणाला, "बेचाळीस लाख म्हणालास ना, एकाच माणसाच्या?" मी म्हटलं माणूस कुठला मामा, कंपन्या असतात. "आणि असे लोक परत भरतात शेड?" म्हटलं हो, भरतात, बहुतेक सगळे. मामा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "त्यांचा खाद्यवाला चांगला असेल."