नुसतं साल चालत नाही

चिरंजीवांना १४ सप्टेंबरला अठरा पूर्ण झाली, तेव्हापासून घरात एकच धोशा होता. आता ए सर्टिफिकेटवाला पिक्चर थेटरात जाऊन बघायचा. दिवाळीच्या आधीच्या एका शुक्रवारी तिकिटं काढली. तो, त्याचा मित्र ओंकार आणि पैसे देणारी म्हणून मी. बुकिंग करताना 'प्रेक्षकाचं वय अठराच्या वर आहे, ओळखपत्र सोबत ठेवावं' असं काहीतरी आलं होतं. त्याला मी न वाचता ओके केलं. पार्किंगसुद्धा लगेच मिळालं, आणि पुण्यात शुक्रवारी संध्याकाळी पार्किंग लगेच मिळालं की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं.

सव्वासातचा शो. सातला दहा कमी असताना आम्ही दारात. ओंकार पुढे होता. सहा फूट उंची, राखलेली दाढी. गार्डने त्याचं तिकीट पाहिलं, वर दाढीकडे पाहिलं, सोडलं. मागे आमचं ध्यान: वजन पन्नास किलो, मिशीची नुसती सावली.

"आयडी दाखव."

त्याने पाकिटातून आधार काढलं. हे आधार आम्ही २०१३ साली काढलेलं. फोटोत तेल चोपडून भांग पाडलेला सहा वर्षांचा मुलगा, आणि खाली 'जन्म वर्ष : २००७'. तारीख नाही, महिना नाही. जुन्या आधार कार्डांवर असं नुसतं सालच छापलेलं असायचं. बारा वर्षं ते कार्ड घरात आहे, पण माझ्या ते कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

"मॅडम, साल बरोबर आहे, पण डिसेंबरचा असला तर?"

"अहो, सप्टेंबरचा आहे. मी आई आहे त्याची. मला माहीत नसणार तर कोणाला?"

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग मी 'मी सोबत आहे ना, माझी परवानगी आहे' हे अस्त्र काढलं. इथे मात्र गार्डचंच बरोबर होतं, हे आता कबूल करते. आईबापाच्या मर्जीवर सोडलेला प्रकार यूएचा. तो १९८३ मध्ये आला, आणि २०२३ च्या कायद्यातल्या बदलानंतर त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग झाले. यूए १६+ असेल तर पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायचं की नाही ते पालकांनी ठरवायचं. ए म्हणजे अठराच्या आत कोणीही नाही, कडेवर घेऊन गेलात तरी नाही. हे मला घरी आल्यावर कळलं. दारात मी जोरजोरात उलटंच सांगत होते.

मॅनेजर आला. चिरंजीव म्हणाले, डिजिलॉकर उघडतो, त्यात पूर्ण तारीख दिसेल. कल्पना उत्तम होती. डिजिलॉकरमधला कागद मुळाबरोबरीने धरायचा असा २०१७ पासूनचा नियमच आहे. पण याने तिथे खातंच उघडलेलं नव्हतं, आणि खातं उघडायचं तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी जाणार. तो नंबर बाबांचा. आणि बाबा डेक्कन क्वीनमध्ये, बरोबर कर्जतच्या वर, घाटात. एक बोगदा संपतो, रिंग जाते, 'हॅलो' ऐकू येतं की दुसरा बोगदा. चार वेळा ओटीपी मागवला. चारही वेळा दहा मिनिटांची मुदत त्या सह्याद्रीच्या पोटात संपली म्हणायची.

मुलांचा मोबाइल नंबर आधारला जोडून घ्या, हे इथेच लिहून टाकते, नाहीतर विसरेन.  पंधरा वर्षांनंतर बोटांचे ठसे नि फोटोही आधार केंद्रावर जाऊन नव्याने द्यायचे असतात. आम्ही 'दहावी होऊ दे, मग बघू' म्हटलं होतं.

कॉलेजच्या ओळखपत्रावर जन्मतारीख नाही, रक्तगट आहे. लायसन नाही, कारण 'आत्ता गाडी नको' हा माझाच हट्ट. शाळा सोडल्याचा दाखला अकरावीच्या प्रवेशाला कॉलेजने ठेवून घेतलेला. उरली घरातल्या फायलीतली झेरॉक्स.

घरी सासूबाई एकट्या. त्यांना फोन. "आई, कपाटातली निळी फाइल काढा." निळी सापडली, त्यात निघाली विजेची बिलं. मग हिरवी. व्हिडिओ कॉलवर मला पाच मिनिटं छताचा पंखा दिसत होता. पहिला फोटो आला त्यात त्यांचा अंगठा, दुसऱ्यात शाळेचा शिक्का. तिसऱ्यात एकदाची ती ओळ आली: जन्मतारीख अक्षरी, चौदा सप्टेंबर दोन हजार सात. मॅनेजरने ती मोठ्याने वाचली आणि बोटांवर मोजली. झेरॉक्सच्या फोटोला खरं तर काही अर्थ नाही, त्याने मानलं हा त्याचा चांगुलपणा. माझा आवाज बंद व्हावा म्हणूनही मानलं असेल.

आत गेलो तेव्हा सात चाळीस झाले होते. जाहिरातींमुळे पिक्चर दहाच मिनिटं बुडाला, पण चिरंजीवांचा चेहरा असा की तीन तास बुडाला असावा. "आई, तू तिथे जन्म दिल्याचं कशाला सांगत होतीस?"

इंटरव्हलला ओंकारने सामोसे आणले. मी सहज विचारलं, तुझा वाढदिवस कधी रे? "जानेवारीत, काकू. अठरा होतील." सामोसा हातातच राहिला. लहानपणी माझा भाऊ काजळाने मिशी काढून पेठेतल्या टॉकीजला जायचा. या पोराला काजळही लागलं नाही. नियमाने त्याला उठवून बाहेर न्यायला हवं होतं. मी नाही नेलं. नुकतंच तासभर भांडून झालं होतं, पुन्हा त्या दाराशी जायची ताकद नव्हती.

पॅन कार्डावर पूर्ण तारीख असते, पासपोर्टवर असते. पण अठराच्या आत काढलेल्या पॅनवर फोटो नसतो, म्हणजे दारात पुन्हा वाद. मी सोमवारी त्याला आधार केंद्रावर धाडलं.

हां, आणि इंटरव्हलच्या जरा आधी मोबाइल थरथरला. गाडी लोणावळ्याला लागल्यावर यांच्या फोनवर चारही ओटीपी एकदम येऊन पडले होते. मेसेज आला: 'पोराचं आधार कोणीतरी हॅक करतंय, तू कुठे आहेस?'