चुन्याच्या निवळीचे दोन पेले

चुन्याच्या निवळीचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. नितळ निवळीत नळीने फुंकत राहिले की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि त्याचे बारीक पांढरे कण पाण्यात तरंगू लागतात. कार्बन पकडून साठवण्याच्या तंत्रज्ञानाविषयी वाचत असताना मध्यंतरी मी हा प्रयोग पुन्हा केला, या वेळी दोन पेले घेऊन. एकात फुंकले आणि दुसरा नुसता उघडा ठेवला. पहिला बघता बघता गढूळला. दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सायीसारखा पातळ पापुद्रा धरला होता, पण खालचे पाणी नितळच होते.

या दोन पेल्यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो, मोकळ्या हवेत सुमारे ०.०४ टक्के, म्हणजे शंभरपट कमी. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात तो साधारण १२ ते १५ टक्के असतो. वायू जितका विरळ, तितका तो वेचून काढायला अधिक हवा हलवावी लागते आणि अधिक ऊर्जा खर्ची पडते. धुराड्याच्या तोंडाशी जो वायू त्यातल्या त्यात सोपेपणाने पकडता आला असता, तोच एकदा वातावरणात विखुरला की त्याला गाठणे कितीतरी अवघड होऊन बसते. आणि जो मुळात निर्माणच झाला नाही, त्याच्यासाठी काहीच करावे लागत नाही.

पकडल्यानंतरचे कामही थोडेथोडके नाही. धुरातला वायू शोषून घेण्यासाठी बहुधा अमाइन वर्गातली, म्हणजे अमोनियापासून बनणाऱ्या रसायनांची, द्रावणे वापरतात. शोषलेला वायू त्यांतून सोडवण्यासाठी ती सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागतात, मग वायूवर दाब देऊन तो नळांमधून न्यावा लागतो आणि जमिनीखाली साधारण ८०० मीटरपेक्षा खोल, सच्छिद्र खडकात सोडावा लागतो. तेवढ्या खोलीवरच्या दाबाखाली तो इतका दाट होतो की कमी जागेत मावतो. वर अभेद्य खडकाचा थर असेल तर तो तिथेच राहतो. आइसलँडमध्ये तो पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतांश भागाचे खनिज झाल्याचे आढळले. हे वाचले तेव्हा मी खरोखर हरखलो होतो. हवेत गेलेला कार्बन पुन्हा दगड होऊ शकतो, ही गोष्ट आजही मला विलक्षण वाटते.

तरीही या विषयावरचा उत्साह पाहून मला काळजी वाटते, आणि तिचे कारण साधे अंकगणित आहे. जीवाश्म इंधने आणि सिमेंट यांमधून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. आइसलँडमध्येच २०२४ साली सुरू झालेले ‘मॅमथ’ हे थेट हवेतून कार्बन वेचणारे संयंत्र वर्षाला ३६,००० टनांसाठी आखलेले आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले, तरी त्याच्या वर्षभराच्या कष्टाचे फळ म्हणजे जगाचे अर्ध्या मिनिटाचे उत्सर्जन होय. धुराडी आणि नैसर्गिक वायू शुद्ध करणारी केंद्रे धरून जगातल्या सर्व चालू प्रकल्पांची क्षमता वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास आहे. ती साधारण अर्ध्या दिवसाच्या उत्सर्जनाला पुरते. शिवाय पकडलेल्या वायूचा मोठा भाग जुन्या तेलविहिरींत दाबून आणखी तेल वर काढण्यासाठी वापरला जातो, हे सहसा ठळकपणे सांगितले जात नाही.

‘आज थोडे थांबू, पुढे यंत्रे सुधारली की हवेतून काढून घेऊ,’ असे म्हणणाऱ्यांना थांबण्याची किंमत दिसत नाही असे मला वाटते. ती मी कागदावर मांडून पाहिली. जमिनीच्या वापरातल्या बदलांमुळे होणारे उत्सर्जन धरले, तर वर्षाचा आकडा ४,००० कोटी टनांच्या आसपास जातो. आजपासून तो सरळ रेषेत उतरवत तीस वर्षांत शून्यावर आणला, तर एकूण भर पडेल ६०,००० कोटी टनांची. पहिली दहा वर्षे काहीच न करता नंतरच्या वीस वर्षांत शून्य गाठले, तर भर पडेल ८०,००० कोटी टनांची. दोन्ही वाटा एकाच वर्षी शून्याला पोचतात, पण मधला फरक २०,००० कोटी टनांचा आहे. तो ‘मॅमथ’सारख्या संयंत्रांनी भरून काढायचा म्हटले, तर ५५ हजारांहून अधिक संयंत्रे शंभर वर्षे अखंड चालवावी लागतील. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या म्हणजे आयपीसीसीच्या अंदाजानुसार, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची निम्मी शक्यता टिकवायची तर २०२०च्या आरंभापासून जगाला ५०,००० कोटी टनच सोडता येणार होते. त्यातला बराच मोठा वाटा गेल्या काही वर्षांत संपलेला आहे, आणि २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत १.५ अंशांहून अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष होते.

हिशेबात न मावणारी गोष्टही आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास निम्मा समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. हवेतून वायू काढू लागलो की हा ओघ मंदावतो आणि पुढे उलटाही फिरू शकतो, म्हणजे एक टन काढल्याने हवेतला भार पूर्ण एक टनाने घटत नाही. वितळलेली हिमनदी सहजासहजी पुन्हा उभी राहत नाही. चढलेला समुद्र शतकानुशतके उतरत नाही. मिथेनचे, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मुख्य घटकाचे, तर वेगळेच आहे. वीस वर्षांच्या काळात त्याचा तापवण्याचा प्रभाव वजनाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट असतो, पण तो साधारण १२ वर्षांत विरून जातो, त्यामुळे तेल आणि वायूच्या नळांमधली गळती आजच बंद केली तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसेल.

एवढे लिहिल्यावर कार्बन पकडण्याला माझा विरोध आहे असे वाटेल. काही वर्षांपूर्वी तो होताही. माझे मत बदलले ते पुन्हा चुन्यामुळेच. सिमेंट करताना चुनखडी ९०० अंशांच्या वर भाजतात, तेव्हा कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पेल्यात जे घडले त्याच्या नेमके उलट. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा वायू निघणारच, कारण तो इंधनातून नव्हे, दगडातून येतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा या दगडाचा असतो. इथे धुराड्याशीच वायू अडवण्याला मला तूर्त दुसरा मोठा पर्याय दिसत नाही, आणि म्हणून ते तंत्रज्ञान आजच उभे करायला हवे. कोळशाच्या विजेला मात्र पवन आणि सौरऊर्जेचा पर्याय आहे. तिथे तेच यंत्र बसवून कोळसा आणखी तीस वर्षे जाळत राहणे मला पटत नाही, कारण पकडण्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवायला त्याच केंद्राला आणखी कोळसा जाळावा लागतो.

या तंत्रज्ञानाची सुरुवात कशी झाली, तेही बोलके आहे. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर वायुक्षेत्रात १९९६पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड साठवला जातो आहे. नैसर्गिक वायूत मिसळलेला हा कार्बन डायऑक्साइड वेगळा करावाच लागत होता. तो हवेत सोडण्याऐवजी खाली पुरला गेला याचे मोठे कारण म्हणजे नॉर्वेने १९९१ साली लावलेला कार्बन कर. उत्सर्जन महाग झाले तेव्हा पुरणे परवडू लागले. सोडणे फुकट असेल तिथे पकडण्याची घोषणा बहुधा घोषणाच राहते, असा माझा समज त्यावरून झाला आहे.

त्याच नॉर्वेत ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ साली अशी पूर्ण क्षमतेची यंत्रणा सुरू झाली. तिथला वायू द्रवरूप करून जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर नेतात आणि तिथून नळाने समुद्रतळाच्या खाली, सुमारे २,६०० मीटर खोल सोडतात. वर्षाला ४ लाख टन वायू पकडण्याची तिची क्षमता आहे. ते त्या एका कारखान्याचे निम्मे उत्सर्जन आहे. उरलेले निम्मे अजूनही धुराड्यातून हवेत जाते.