तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या भल्याच्या कायद्याला विरोध कशासाठी?

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारतंच, "ताई, ट्रान्स मुलांच्या औषधांवरची बंदी मुलांच्या भल्यासाठीच आहे ना? तुम्ही डॉक्टर असून तिच्या विरोधात साक्ष का दिलीत?" विचारणारे आपुलकीनं विचारतात. मी इथे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मुलांच्या हार्मोन्सचे आजार बघते, तेव्हा उत्तर द्यायला हवं.

ओहायोच्या या कायद्याचं नाव हाउस बिल 68. अठराच्या आतल्या ट्रान्स मुलाला, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आपलं न वाटणाऱ्या मुलाला, वयात येणं थोपवणारं औषध किंवा हार्मोन्स डॉक्टरनं द्यायचे नाहीत, त्या कामी हातभारही लावायचा नाही. नियम मोडला तर लायसन्सवर गदा.

आता ते औषधच बघा. सहा-सात वर्षांची मुलगी वयात यायला लागली की आई धास्तावून तिला घेऊन येते. मी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन लिहून देते. या आजारासाठी अमेरिकेत त्याला 1993 पासून मान्यता आहे, आणि ते बंद केलं की वयात येणं पुन्हा सुरू होतं. हे कायद्याला चालतं. पुढच्या खोलीत ट्रान्स मूल बसलंय, आईवडील दोघंही सोबत आहेत, मानसोपचारतज्ज्ञाकडच्या भेटी झाल्यात, हाडांवर होऊ शकणारा परिणामही मी समजावून सांगितलाय. तिथे तेच इंजेक्शन लिहिलं की मी गुन्हेगार नसले तरी बेशिस्त डॉक्टर ठरते. औषध धोक्याचं म्हणून बंदी असती, तर ती दोन्ही खोल्यांत लागू झाली असती.

लहान मुलांना संमती कळत नाही, असंही म्हणतात. पण याच कायद्यात इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः शरीर मुलगा किंवा मुलगी या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या, बाळांवरच्या शस्त्रक्रियेला सूट आहे, आणि त्या बाळाला तर बोलताही येत नाही. आपल्याकडे 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं नेमकी तीच शस्त्रक्रिया, जिवावर बेतलं नसेल तर, करू नका असं सांगितलं. आईबापांची संमती ही बाळाची संमती नव्हे, हे त्या निकालात आहे. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

स्वीडन आणि फिनलंडनं ट्रान्स मुलांना ही औषधं देण्यात हात आखडता घेतलाय, हे खरं आहे. दीर्घकाळाचा पुरावा अजून तोकडा आहे, हेही खरं. पण तिथे आरोग्य यंत्रणेनं पुरावा तपासून मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि निवडक मुलांसाठी दार उघडं ठेवलं. पुरावा कमी पडत असेल तर संशोधन वाढवावं. सरसकट बंदी घातली की संशोधनालाही पेशंट उरत नाहीत.

या बिलावर नकाराधिकार वापरला तो रिपब्लिकन गव्हर्नर माइक डिवाइन यांनी, 29 डिसेंबर 2023 ला. त्याआधी ते मुलांच्या रुग्णालयांत गेले, कुटुंबांना भेटले. असा निर्णय सरकारनं नव्हे, आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी 2024 मध्ये विधिमंडळानं तो नकार मोडून काढला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयानं औषधबंदी घटनाबाह्य ठरवली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

कायद्यात आणखी एक कलम आहे. ज्यांचे उपचार आधीच सुरू होते आणि थांबवल्यानं त्रास होईल असं डॉक्टरला वाटतं, त्यांचे चालू ठेवता येतात. म्हणजे उपचार तोडले तर मुलाला इजा होऊ शकते, हे कायदा लिहिणाऱ्यांनाही मान्य आहे. मग उशिरा आलेल्या मुलाचं काय, हे मी साक्षीत विचारलं होतं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा विचारेन.